गुण विकत मिळत नाहीत

अमेरिकेत डिस्क गोल्फच्या स्पर्धांना गेलं की साठीपुढच्या हौशी खेळाडूंविषयी एक आरोप हमखास कानावर येतो. ही मंडळी जागतिक स्पर्धेचं निमंत्रण मिळावं म्हणून नुसते पॉइंट गोळा करत हिंडतात, असं म्हणतात. ज्याच्याकडे निवृत्तीनंतरचा मोकळा वेळ आहे, धड गाडी आहे आणि पेट्रोलला पैसे आहेत, तो दर शनिवार-रविवारी नव्या गावात जाऊन गुण गाठीला बांधतो. आणि जो खरोखर चांगला खेळतो, पण इतकं हिंडू शकत नाही, तो घरी राहतो. उपायही लगेच सांगितला जातो : गुणांची पद्धत मोडीत काढा आणि रेटिंगच्या, म्हणजे खेळाच्या दर्जाच्या आकड्याच्या, यादीत वरून जितके हवे तितके खेळाडू बोलवा. मी कॅलिफोर्नियात राहतो आणि याच वयोगटात खेळतो. मला हा आरोप चुकीचा वाटतो आणि उपाय तर घातक वाटतो. गप्पांमध्ये दिलेली उत्तरं हवेत विरून जातात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. गोल्फचेच बरेचसे नियम, पण चेंडूच्या जागी प्लास्टिकची डिस्क आणि खळग्याच्या जागी लोखंडी खांबावर साखळ्या लावलेली बास्केट. टीवरून पहिली फेक, मग डिस्क जिथे पडली तिथून पुढची, असं करत कमीत कमी फेकींत ती बास्केटमध्ये घालायची. 'व्हॅम-ओ' कंपनीत फ्रिस्बीला आजचं रूप देणारे एड हेड्रिक यांनी १९७५ साली लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिलं कायमचं मैदान आखलं आणि १९७६ मध्ये प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन, म्हणजे पीडीजीए, स्थापन केली. साखळ्यांची बास्केटही त्यांचीच. आज जगभरात चौदा हजारांहून जास्त मैदानं आहेत. त्यांतली बहुतेक सार्वजनिक बागांमध्ये आहेत आणि तिथे जाऊन खेळायला सहसा पैसे पडत नाहीत.

पीडीजीएच्या स्पर्धांत हौशी खेळाडूंचे दोन तऱ्हेचे गट असतात. एक कौशल्याचे : सर्वांत वरच्या गटाला रेटिंगची मर्यादा नाही, त्याखालच्या तीन गटांना अनुक्रमे ९३५, ९०० आणि ८५० च्या आतलं रेटिंग लागतं. दुसरे वयाचे : चाळिशीपुढचा, पन्नाशीपुढचा, मग ५५, ६०, ६५ असे थेट ८० पर्यंत. वयाच्या गटाला रेटिंगची अट नाही. स्पर्धांना त्यांच्या दर्जाप्रमाणे ए, बी, सी असे टियर असतात. तुम्हाला किती गुण मिळणार हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं : स्पर्धेचा टियर आणि तुमच्या गटात तुम्ही किती जणांना मागे टाकलं. वर्षभरात असे जमलेले गुण पाहून हौशींच्या जागतिक स्पर्धेची निमंत्रणं निघतात, आणि त्यासाठी लागणारा किमान आकडा गटागटाला वेगळा असतो. सदस्यत्वाची वर्गणी भरलेली नसेल तर कितीही खेळा, खात्यावर काही जमा होत नाही.

आता आरोपाकडे वळू. गुण पैशाने मिळतात, हे म्हणणं हिशेबातच टिकत नाही. पैशाने फार तर प्रवेश मिळतो. गुण मिळायला कुणाला तरी हरवावं लागतं. डझनभर स्पर्धांची फी भरून प्रत्येक ठिकाणी गटाच्या तळाशी राहिलेल्या माणसाच्या पदरात जे पडतं त्यावर जागतिक स्पर्धेचं दार उघडत नाही. खर्च होतो हे मी नाकारत नाही. फी असते, पेट्रोल असतं, लांबची स्पर्धा असेल तर मोटेलची रात्र असते. पण या देशात कुठल्या हौशी खेळाला हे लागत नाही? शिवाय घराजवळच्या सी-टियर स्पर्धा आहेत, पीडीजीएची मान्यता असलेल्या साप्ताहिक लीग आहेत. तिथे गुण कमी मिळतात, पण मिळतात. दूरवर जायला परवडत नाही त्याने संथपणे, जवळच्या जवळ खेळून आकडा गाठावा, याला ही पद्धत वाव देते. रेटिंगवर आधारलेली निवड असा धीम्या गतीचा रस्ता देतच नाही.

रेटिंगचं कौतुक करणाऱ्यांनी ते कसं काढतात हेही नीट पाहावं. साधन म्हणून ते उत्तम आहे, यात वाद नाही. त्या दिवशी, त्या वाऱ्यात, त्याच मैदानावर खेळलेल्या रेटिंगधारक खेळाडूंच्या तुलनेत तुमची फेरी मोजली जाते. त्यामुळे सोप्या मैदानावर कमी फेकी लागल्या म्हणून कुणी उगाच वर जात नाही. सर्वसाधारण मैदानावर एका फेकीचा फरक म्हणजे रेटिंगचे साधारण दहा अंक. गेल्या बारा महिन्यांतल्या फेऱ्या धरतात, अलीकडच्या पाव हिस्स्याला दुप्पट वजन देतात, आणि तुमच्या सरासरीपेक्षा शंभर अंकांनी घसरलेली फेरी हिशेबातून वगळतात. सरासरीने कोण किती चांगलं खेळतो हे यातून फार बरोबर कळतं.

पण निमंत्रणाचा प्रश्न सरासरीचा नाही. रेटिंग राखून ठेवता येतं. आपल्या सरावातल्या मैदानावर तीन-चार चांगल्या स्पर्धा खेळायच्या, आकडा चढला की कोरडं हवामान आणि ओळखीची झाडं सोडून कुठे जायचं नाही, असं कुणी ठरवलं तर रेटिंगची पद्धत त्याला काही विचारत नाही. उलट त्याचा आकडा सुरक्षित राहतो. गुणांना असं जपून ठेवता येत नाही. ते मिळवायला मार्चच्या चिखलात उभं राहावं लागतं, ऑगस्टच्या उन्हात दिवसात दोन फेऱ्या, म्हणजे छत्तीस होल, चालावे लागतात, आणि दुपारच्या फेरीत गुडघा बोलू लागला तरी पुट, म्हणजे बास्केटजवळची शेवटची फेक, मारावा लागतो. जागतिक स्पर्धा काही दिवस सलग चालते. अनोळखी मैदानं, अनोळखी माणसांबरोबरचं कार्ड (म्हणजे एकत्र फेरी खेळणारी टोळी), रोज नवा वारा. त्या स्पर्धेला कोण लायक आहे हे ठरवताना वर्षभर असंच खेळून दाखवलेल्या माणसाला महत्त्व द्यायचं की एका चांगल्या हंगामात कमावलेल्या आकड्याला? साठीनंतर तर हा फरक जास्तच मोठा होतो. या वयात एखाद्या दिवशी चांगलं खेळणारे पुष्कळ असतात. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत खांदा, कंबर आणि गुडघे शाबूत ठेवून, दर पंधरवड्याला मैदानावर उभे राहणारे कमी असतात. ती शरीराची शिस्त खेळाचाच भाग आहे आणि गुणांमध्ये ती उतरते.

आणखी एक गोष्ट. रेटिंगच्या मर्यादेवर उभ्या असलेल्या कौशल्यगटांत मुद्दाम खालच्या गटात रेंगाळण्याचा मोह असतो. रेटिंग ८९० वर अडकवून नऊशेच्या आतल्या गटात बक्षिसं घेत राहणारे खेळाडू सगळ्यांच्या ओळखीचे असतात. वयाच्या गटात ही सोयच नाही. ज्याचं वय साठ, त्याचं साठ. हौशी खेळातले हे सर्वांत स्वच्छ गट आहेत. संशयाचं बोट नेमकं त्यांच्याकडेच दाखवलं जावं, याचं मला वाईट वाटतं.

दुसरा आक्षेप जरा जास्त बोचरा आहे, आणि त्यात तथ्यही आहे. तिघांच्या गटात पहिलं येण्यात कसलं कर्तृत्व, असं विचारतात. खरं आहे, गावच्या सी-टियर स्पर्धेत साठीपुढच्या गटात दोन-तीनच नावं असतात. कधी तर स्पर्धेचा संचालक तो गट उघडतच नाही. पण हे असं का आहे याचा विचार आक्षेप घेणारे करत नाहीत. हा खेळच मुळी पन्नास वर्षांचा आहे. ओक ग्रोव्हमध्ये १९७५ साली वीस वर्षांच्या ज्या पोरांनी डिस्क फेकल्या ते आज सत्तरीत आहेत. म्हणजे सत्तरीपुढच्या गटात तेव्हापासून खेळत आलेला जो कुणी आहे, तो या खेळाच्या पहिल्या पिढीतला आहे. ती पिढी मूठभर होती, म्हणून गटही मूठभर. खेळाची खरी लाट आली २०२० मध्ये, महासाथीच्या काळात, जेव्हा बंद जागा टाळून लोक बागांकडे वळले. आणि तेव्हा आलेले बहुतेक तरुण होते. त्यांना साठी गाठायला वेळ आहे. आजचे विरळ गट हे लोकसंख्येचं सत्य आहे. त्यावरून या माणसांच्या खेळाची किंमत ठरवणं अन्याय आहे.

आणि ही माणसं खेळतात कशी ते एकदा त्यांच्या कार्डाबरोबर चालून पाहावं. चाळिशीतला खेळाडू जिथे ताकदीने शंभर मीटर पार करतो, तिथे ती ताकद आता उरलेली नाही, म्हणून १७५ ग्रॅमच्या जागी १५० ग्रॅमची डिस्क घेऊन, फेकीचा कोन अर्ध्या अंशाने बदलत, झाडांमधली फट शोधून दोन फेकींत बास्केटपाशी पोचणारे म्हातारे मी पाहिले आहेत. सान्ता क्रूझच्या डेलाव्हीगा मैदानावर २७ व्या होलची टी उंचावर आहे, समोर दूरवर मॉन्टरेचा उपसागर दिसतो, आणि वारा तिथून थेट अंगावर येतो. त्या वाऱ्यात तरुणांच्या डिस्क दरीत जातात. वारा वाचणाऱ्याची डिस्क जात नाही. पुटिंगच्या वर्तुळात तर वयाचा काही संबंधच उरत नाही.

मग 'एवढं चांगलं खेळता तर रेटिंगप्रमाणे तरुणांच्या गटात खेळा ना, तिथे माणसंही भरपूर आहेत' असं म्हणणारे येतात. साठीपुढच्याला पन्नाशीच्या, चाळिशीच्या किंवा कौशल्याच्या गटात उतरायची मुभा आहे, आणि अनेक जण उतरतात. नेमकी इथेच सध्याच्या पद्धतीतली खरी उणीव दिसते, आणि ती मी लपवणार नाही. समजा एका स्पर्धेत साठीपुढचे तिघे आहेत आणि पन्नाशीपुढचे चौदा. साठीच्या गटात पहिला आलात तर दोघांना हरवलंत. पन्नाशीच्या गटात सातवे आलात तर आठ जणांना. गुणांचा विचार करणारा माणूस साहजिकच पन्नाशीत जाईल. तो गेला की साठीचा गट दोघांवर येतो. पुढच्या वेळी त्या दोघांतला एक येत नाही, आणि संचालक गट बंद करतो. साठीपुढच्यांसाठी उघडलेला गट साठीपुढच्यांनाच सोडून जायला लावणारी ही रचना आहे. इथे सुधारणा हवी.

भूगोलाचं दुखणंही तसंच आहे. केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या हौशी स्पर्धेला शेकडो खेळाडू येतात, त्यामुळे वयाचे गटही भरलेले असतात. तिथे मधल्या क्रमांकावर आलेल्या माणसाला जे गुण मिळतात ते मोंटानातल्या एखाद्या छोट्या गावात वर्षभर जिंकत राहणाऱ्याला जमवणं कठीण. त्या मोंटानावाल्याचा गुन्हा एवढाच, की त्याच्याभोवती त्याच्या वयाचे खेळाडू नाहीत.

पण या दुखण्यावर रेटिंग हे औषध नव्हे. रेटिंगची यादी देशभरातली, किंबहुना जगभरातली असते, आणि तिच्यात वरच्या जागा जिथे वर्षभर हवा चांगली आणि स्पर्धा दाट, तिथलेच लोक घेणार. मोंटानावाला गुणांतही मागे राहील आणि रेटिंगच्या यादीतही. औषध दुसरं आहे, आणि ते आपल्या मराठी माणसाला चांगलं ठाऊक आहे. महाराष्ट्र शासनाची हौशी राज्य नाट्य स्पर्धा घ्या. प्राथमिक फेरी केंद्राकेंद्रावर होते. मुंबई-पुण्यात नाटकांची रीघ लागते, दूरच्या एखाद्या केंद्रावर मोजकीच नाटकं असतात. तरी त्या छोट्या केंद्रावर पहिलं आलेलं नाटक अंतिम फेरीत येतं. मुंबईच्या केंद्रावरचं चौथं नाटक कदाचित त्याहून सरस असेल, पण त्यासाठी दूरच्या केंद्राची जागा कुणी काढून घेत नाही. यामुळेच महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात हौशी रंगभूमी तग धरून राहिली. तसंच इथे व्हावं : प्रत्येक राज्यात, प्रत्येक वयोगटात वर्षभरात सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्या एका खेळाडूला जागतिक स्पर्धेत हक्काची जागा, आणि बाकीच्या जागा सध्याप्रमाणे गुणांच्या आकड्यावर. यात मोंटानाला न्याय मिळतो, आणि साठीचा माणूस साठीच्याच गटात खेळायला राजी होतो, कारण त्याच्या राज्यातली चढाओढ त्याच गटातली असते. गुणांची पद्धत मोडायला नको. तिच्यात ही एक तरतूद घालायची आहे.

हे सगळं कशासाठी, असा शेवटचा प्रश्न मला आपल्याच लोकांकडून येतो. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात शेजारी बसलेले समवयस्क विचारतात, या वयात कसले पॉइंट आणि कसलं क्वालिफाय होणं? चाला, पोहा, नातवंडांना खेळवा. मी चालतो, पोहतो आणि नातवंडांनाही खेळवतो. त्याने हा प्रश्न सुटत नाही. हौशी गटात रोख बक्षीस नसतं. जिंकलं तर डिस्क मिळतात, पिशवी मिळते, दुकानाचं व्हाउचर मिळतं. रोख रक्कम हवी असेल तर व्यावसायिक गट आहे, आणि तिथे पैसे स्वीकारले की हौशीपण जातं. जागतिक स्पर्धेचं निमंत्रण मिळालं तरी फी स्वतःच भरायची, प्रवासही स्वतःच्या खर्चाने करायचा. म्हणजे या गुणांतून कुणाला आर्थिक फायदा होत नाही. तरीही माणसं ते मिळवायला झटतात, कारण चांगलं खेळणं आणि ते मोजलं जाणं ही माणसाची साधी, निरोगी इच्छा आहे, आणि ती साठाव्या वाढदिवसाला संपत नाही. चाळीस वर्षं ज्यांची कामं दर वर्षी मोजली गेली, त्यांना निवृत्तीनंतर 'आता तुमचं काही मोजायचं नाही' असं सांगणं हा त्यांचा आदर नव्हे.

शिवाय या खेळाला या माणसांची गरज आहे. मैदानातलं गवत कापणारे, टीवरचा चिखल उपसून खडी टाकणारे, झाडीत पडलेली डिस्क दाखवायला स्पॉटर म्हणून तासन् तास उभे राहणारे, सकाळी सहाला नोंदणीच्या टेबलाशी बसणारे, हे सगळं काम बिनपगारी असतं आणि त्यातला मोठा वाटा निवृत्त लोक उचलतात. हेच लोक दुपारी आपल्या गटात खेळतात. गुणांची पद्धत त्यांना प्रत्येक स्पर्धेला यायचं कारण देते. ती काढून टाकली, सगळं रेटिंगवर सोपवलं, तर ज्यांचा आकडा जागेवर पोचणार नाही हे आधीच दिसतं ते येणं कमी करतील. त्यांच्याबरोबर त्यांचे हातही जातील. रेटिंगच्या बाजूने बोलणाऱ्या एकाही माणसाने याचा विचार केल्याचं मी ऐकलेलं नाही.

म्हणून अमेरिकेत राहणाऱ्या, साठीला टेकलेल्या मराठी वाचकांना माझं सरळ सांगणं आहे. जवळच्या बागेत साखळ्यांची बास्केट दिसली असेल तर एक डिस्क घेऊन जा. जमतंय असं वाटलं तर पीडीजीएचं सदस्यत्व घ्या आणि पुढच्या सी-टियर स्पर्धेत आपल्या वयाच्या गटात नाव द्या. गट उघडलेला नसेल तर संचालकाला तसं लिहून कळवा. तुम्ही शेवटचे आलात तरी तुमच्या येण्याने गट भरतो, आणि बाकीच्यांच्या नावावर एकेका माणसाचे गुण वाढतात.